पाचवी घरची

सासरच्या घरात बोलण्याला फार शिस्त होती, आणि सगळ्यात जास्त शिस्त होती ती फडताळासमोर. सासरे झोपाळ्यावर बसत, पाठ फडताळाकडे करून. मी हातात आकडी घेऊन फडताळासमोर उभी. ते म्हणत, "तिसरी. आठवं. काढ." म्हणजे तिसऱ्या ओळीतल्या आठव्या खणातली सुरळी आकडीनं ओढून खाली घ्यायची. खणाला तिथं घर म्हणत. आधी ओळ, मग घर, मग काम. त्या तीन शब्दांत चौथा कधी आला नाही. एखाद्या दिवशी मन दुसरीकडे असलं आणि ते नुसतंच "काढ" म्हणाले, तर मी ढिम्म हलत नसे. थोड्या वेळानं झोपाळा थांबे.

"काय गो, झोंपलीस की?"

"ओळ नाही सांगितलीत, मामंजी."

मग ते मनापासून हसत. ते असे हसले की मला त्यांचा रागच येत नसे, आणि राग यावा असं त्या घरात पुष्कळ होतं.

मी कुंभकोणमला लग्न होऊन आले ती पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांनी. माझे वडील मिरजेचे, रेल्वेतले, बदली होऊन त्रिचीला आलेले. तिथं कोणीतरी त्यांना सांगितलं की तंजावर भागात मराठी घरं आहेत, राजांच्या वेळेपासूनची. वडिलांना हर्ष झाला. मला मात्र पहिले काही महिने वाटे की ही माणसं माझी थट्टा करताहेत. "जेवण जाहलें की?" "अस्कद आले की?" अस्कद म्हणजे सगळे. मी तोंडाला पदर लावून हसे. ती माणसंही माझ्यावर हसत. म्हणत, ही पुस्तक वाचल्यासारखी बोलते. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सगळेच तमिळ बोलत, आणि तिथं मात्र मी एकटीच मुकी.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मामंजी, माझा नवरा आणि माझी नणंद, एवढेच. नवरा तिरुभुवनमला रेशीम विणकरांच्या सोसायटीत कामाला होता. सकाळच्या बसनं जाई, दिवे लागायच्या सुमाराला येई. नणंदेला मी वन्सं म्हणत असे. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, शाळा संपवून घरी बसलेली, गळ्यानं गोड आणि जिभेनं माझ्याहूनही तिखट. आमचं छान जमलं.

आणि ते फडताळ. त्या घरात खरं तर तेच मोठं होतं, आम्ही सगळी त्याची माणसं.

त्यात मुलींच्या पत्रिका होत्या. आमची मराठी घरं विखुरलेली: दोन मन्नारगुडीला, पाच-सहा सेलमला, काही कोइंबतूरला, बाकीची तंजावरात. सेलमच्या मुलाला तंजावरची मुलगी कोणी सुचवायची? म्हणून मामंजींच्या वडिलांनी, जे तंजावरला राजवाड्याच्या दफ्तरात होते, हे फडताळ बनवून घेतलं. लोक मुलीची पत्रिका आणून देत. ती सुरळी करून, कापडी खोळीत घालून, सुती दोरीनं बांधून खणात जाई. मुलाकडचे विचारायला येत आणि मामंजी जुळतील अशा पत्रिका निवडून देत. मुलांच्या पत्रिकांना मात्र फडताळात खण नव्हता. का नाही, असं मी एकदा विचारलं. "मुलगे येतात विचारायस," मामंजी म्हणाले. तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

फडताळाच्या माथ्यावर सागवानाची एक अरुंद पट्टी होती. तिच्यात भोकांच्या तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत एक पितळी खुंटी. पहिली रांग सांगे की एका वेळी किती पत्रिका द्यायच्या. ती खुंटी पाचाच्या भोकात, तिला कोणी कधी हात लावला नाही. दुसरी रांग सांगे की पत्रिका किती वेळा परत आली की तिला विसावा द्यायचा, ती सातात. तिसरी सांगे की दिलेली पत्रिकांची जुडी किती आठवडे बाहेर राहिली म्हणजे आठवण करायची. पत्रिका परत आली की तिच्या दोरीला एक गाठ मारायची. ती गाठ सोडायची नाही. गाठी खुंटीच्या आकड्याइतक्या झाल्या की सुरळी तळच्या ओळीत जाई, वर्षभर कोणाला दाखवायची नाही, म्हणजे लोक विसरतात. वर्ष सरलं की नवी दोरी बांधून पुन्हा वर.

माझा नातू संगणकावर काम करतो. एकदा काळ्या पडद्यावर त्यानं एकच ओळ टाइप केली आणि ऐटीत मला म्हणाला, "आजी, आतल्या एकाही फाइलला हात लावला नाही. डिस्क किती वेळा उघडली की तपासणीला घ्यायची, तो आकडा फक्त बदलला." त्याला वाटलं मला काय कळणार. मी विचारलं, "आणि ती आधीच त्याहून जास्त वेळा उघडलेली असली तर?" त्याची ऐट जरा उतरली. "मग पुढच्या वेळी लगेच अडकते," म्हणाला. मी मान हलवली. मला ते पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं.

आता पाचाचं सांगते. मुलाकडच्यांना पाच पत्रिका द्यायच्या म्हणजे पाचच. चार देणं अशुभ, आणि तीन दिल्या तर लोक म्हणणार की फडताळात काही उरलं नाही. पण गोत्र वेगळं हवं, नाडी वेगळी हवी, मुलाचं वय बघायचं, आणि मुळात घरं मूठभर. बरेचदा जुळणाऱ्या चारच निघत. पाचवी आणायची कुठून? लोकांच्या मुलीची पत्रिका जुळत नाही हे माहीत असून नुसती संख्या भरायला पाठवायची, आणि ती परत आली की तिच्या दोरीला गाठ मारायची, हे मामंजींना पटत नसे. मग ते घरची घालत. वन्संची. वन्सं जेमतेम पंधराच्या होत्या तेव्हापासून हे चालू होतं. लग्नाचा विचारही नव्हता, पण पत्रिका गावोगाव हिंडून येत होती.

"वैनी, बस न चढतां मी अस्कद कोइंबतूर पाहून आलें," वन्सं म्हणत.

हळूहळू लोकांनाही कळलं. जुडी सोडून बघताना बायका हसून म्हणत, पाचवी घरची, आणि ती बाजूला ठेवून चौघींकडे बघत. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. मामंजी मात्र प्रत्येक वेळी पत्रिका परत आली की न चुकता म्हणत, "गाठ." मी एकदा म्हटलंही की ही कसली गाठ, हिला कोणी नाकारलेलं नाही. ते म्हणाले, "दोरीस काय ठाऊक?" दोरीला सहा गाठी झाल्या.

गोविंदपुरमच्या मठात भजनाला आम्ही दोघी जात असू. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. तिथली तमिळ मंडळी मराठी अभंग तोंडपाठ म्हणत. अर्थ कळत नसला तरी डोळ्यांतून पाणी येईल असं म्हणत. वन्सं मागे धरत तेव्हा मात्र शब्द समजून आलेला असे. पुरुषांच्या बाजूला एक मराठी मुलगा टाळ घेऊन बसे. मन्नारगुडीचा, इथल्या कॉलेजात नुकताच शिकवायला लागलेला. एकदा वन्संनी कडवं उचललं तसा त्याचा टाळ चुकला. भजनात टाळ चुकणं म्हणजे सगळ्यांनी वळून बघायची गोष्ट. मी त्याच्याकडे बघितलं नाही, वन्संकडे बघितलं, आणि मला काय ते कळलं.

पुढं महिनाभरानं, परतीच्या बससाठी उभ्या असताना, तो आमच्याजवळ आला. माझ्याशी बोलल्यासारखं करून त्यानं वन्संना विचारलं, "तुमच्या घरच्या जुडीत पाचवी घरची असते म्हणतात. खरं आहे का?"

वन्सं धुळीकडे बघत म्हणाल्या, "नेहमी."

एवढंच बोलणं झालं. त्याहून स्पष्ट बोलणं त्या गावात, त्या काळी, आमच्या लोकांत होऊच शकत नव्हतं. बसमध्ये वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. मला फार आनंद झाला होता. चला, माझ्या मनात आलं, ज्या चालीनं या मुलीला उगाच गावोगाव फिरवलं, तीच आता हिच्या कामी येणार.

त्याच चैत्रात तंजावरहून एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीच्या दोरीला पाच गाठी झाल्या होत्या. ते झोपाळ्यासमोर खाली बसले, वर बसायला तयार होईनात, आणि रडू लागले. मुलगी दिसायला चांगली, स्वभावानं गरीब, पण पत्रिका दरवेळी परत येते. आता लोक पत्रिका न उघडताच म्हणतात, ही ती फिरून फिरून आलेली. मुलीनं देवळात जाणं टाकलंय. "आणखी दोनदां फिरवूं नका," ते हात जोडून म्हणाले, "तिजला पाहवत नाहीं."

ते गेल्यावर मामंजींनी वळून फडताळाच्या माथ्यावरच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "पट्टी. दुसरी. चार."

मी आकडीनं खुंटी ओढली आणि सातातून चारात बसवली. माझे डोळे भरून आले होते, कारण आपल्या वडिलांच्या वेळची खुंटी हलवणं म्हणजे काय हे मला कळत होतं. परक्याच्या मुलीसाठी त्यांनी ती हलवली. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि हे मी आजही मागे घेणार नाही.

मग चार किंवा त्याहून जास्त गाठींच्या सुरळ्या एकेक करून तळच्या ओळीत नेल्या. तंजावरची गेली. अजून काही गेल्या. आणि मग, "दुसरी. पहिलं. तळीं."

दुसऱ्या ओळीचं पहिलं घर वन्संचं.

"मामंजी, ही तर घरची."

"गाठी किती?"

"सहा. पण त्या खऱ्या नाहीत. तुम्हीच घातल्यात, संख्या भरायला."

"गाठ ती गाठ. त्या गृहस्थांस काय सांगूं? तुमची तळीं, माझी वरीं?"

मी आकडी हातात धरून उभी राहिले. ते वळून बघेनात. शेवटी म्हणाले, "एक वर्ष गो. बसूं दे पोरीस घरीं. संख्या भरायस दुसरी वाट पाहूं." त्यात त्यांच्या परीनं मायाच होती, मुलीला फिरवणं थांबेल याचं त्यांना बरंच वाटत होतं. मी सुरळी तळच्या ओळीत ठेवली.

वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुपारी भाजी चिरताना त्यांनी मला विचारलं, "वैनी, ते येतील की ह्या वर्षांत?"

"आलेच तर सरळ विचारतील," मी म्हटलं. "शिकलेला मुलगा आहे."

"त्यांची आई येईल," वन्सं म्हणाल्या. "आई विचारणार नाहीं."

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अप्पांना हे सांगायचं कसं? मुलीनं मुलगा बघून ठेवलाय असं? ते त्याचंही खरंच होतं. सासूबाई असत्या तर त्यांनी एका वाक्यात हे केलं असतं. बापाला जे सांगता येत नाही ते आईला सांगावंही लागत नाही. त्या घरात आईच नव्हती, आणि मी कालची आलेली.

आषाढ लागायच्या आत त्याची आई आली. मन्नारगुडीहून पहिल्या बसनं, सोबत दीर. ठसठशीत कुंकू, गुंडाळून आणलेली विड्याची पानं, तोंडभर हसू. मी कॉफी दिली. त्यांनी माझ्याकडे, माझ्यामागच्या दाराकडे, दाराआडच्या सावलीकडे बघितलं. मग मामंजींना म्हणाल्या, "मुलग्यास यंदा करावें म्हणतों. तुमच्या हातची जुडी पाहिजे."

आमच्यात घरच्या मुलीला नाव घेऊन मागणी घालत नसत, ते धिटाईचं समजलं जाई. जुडी मागायची, त्यातली पसंत करायची. आणि या घरच्या जुडीत घरची असतेच, हे पार मन्नारगुडीपर्यंत ठाऊक होतं. त्या बाई पाच पत्रिका मागायला आल्याच नव्हत्या. एक मागायला आल्या होत्या.

फडताळ आतल्या खोलीत. मामंजी आत येऊन बसले, मी आकडी घेतली. चार पत्रिका निघाल्या. पाचवीला ते थांबले. नक्षत्रं मनात जुळवत होते.

मी आवाज खाली ठेवून म्हटलं, "मामंजी, त्या घरच्या मुलीसाठीच आल्यात."

"तशा म्हणाल्या?"

"नाही."

"मग?"

"त्या म्हणणार नाहीत. इथं कोण म्हणतं? जुडीत बघतील. पाचवी घरची असणार म्हणून आल्यात."

त्यांचा चेहरा क्षणभर हलला. मला वाटलं, आता म्हणतील. तळची, अमुक घर, काढ. मी आकडी खाली वळवलीसुद्धा होती. ते म्हणाले, "तळच्या ओळींत त्या गृहस्थांची मुलगी आहे गो. तिजला ठेवून माझी काढूं? मीच केलेला नियम, तीन महिने नाहीं जाहले." आणि मग, "त्यांस हवी असेल तर विचारतील. तोंड आहे."

"तुम्हालाही आहे," मी म्हणाले. असं सासऱ्याला कोणी बोलत नसे. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "चौथी. दुसरं. काढ." पाचवी मिळाली होती, कोइंबतूरची एक, नुकतीच आलेली, पत्रिका अगदी जुळणारी. घरचीची गरजच नव्हती.

मी जुडी बांधून बाहेर नेली. निघताना कुंकू लावायचं काम माझं. कुंकू लावता लावता मी त्या बाईंना म्हटलं, "घरी नेऊन नीट बघा. काही कमी वाटलं तर विचारा हं. जरूर विचारा."

त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला. "ह्या घरांतून आलेल्यांत कमी काय असणार?" म्हणाल्या. "जाऊन येतों."

दाराआडची सावली तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेली.

जुडी परत आली तेव्हा तिच्यात चार सुरळ्या होत्या. कोइंबतूरची ठेवून घेतली होती. मामंजी म्हणाले, "पाहा. त्यांस पसंत पडली. आपली हवी असती तर विचारते." त्यांच्या आवाजात सुटका होती. मी चौघींच्या दोऱ्यांना गाठी मारल्या. वन्सं त्या दिवशी आणि पुढेही कित्येक दिवस भजनाला आल्या नाहीत. घसा बसला म्हणाल्या, आणि घरात अशा सबबींवर आपण सगळे विश्वास ठेवतो तसा आम्ही ठेवला.

लग्नाला मामंजी, नवरा आणि मी गेलो. वन्सं म्हणाल्या, घर बघायला कोणी पाहिजे. कोइंबतूरची मुलगी साधी होती, गोड होती. तिच्यावर मला राग धरता येईना. नवरा मुलगा विधी करत होता, भटजी सांगतील तसा हात हलवत होता, आणि एकदाही वर बघत नव्हता.

पंगतीनंतर त्याची आई माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मनांत कांहीं ठेवूं नका हं. आम्हीं ठेवलें नाहीं. तुमच्या मामंजींनीं किती सभ्यपणें सांगितलें."

"काय सांगितलं?"

"घरची देणें नाहीं म्हणून. नेहमीं पाचवी असते, आम्हासच तेवढी नाहीं घातली. न बोलतां सांगितलें, आम्हीं न बोलतां ऐकलें. मुलगा दोन दिवस जेवला नाहीं. मी म्हटलें, त्या मुलीच्याही मनांत नसेल रे, नाहींतर घरांतून कशी राहिली?" मग त्या आणखी जवळ आल्या. "तिनें त्यास कांहीं वेगळें सांगितलें होतें म्हणे. पोरवयांत होतें तसें."

मांडवात त्यांच्या मुलाची लग्नगाठ बांधून झाली होती. तिथं खुंटीची आणि तळच्या ओळीची हकीकत सांगितली असती तर एका नव्या मुलीच्या संसारात पहिल्या दिवशीच काटा गेला असता. मी म्हटलं, "तुमच्या सूनबाई छान आहेत." त्या खुश होऊन उठल्या. मला मात्र तिथल्या तिथं ओरडून रडावंसं वाटलं. कोणी वाईट नव्हतं हो. सगळी इतकी चांगली होती, इतकी सभ्य होती, आणि त्या सभ्यपणाच्या खाली माझी वन्सं चिरडली.

परतीच्या बसमध्ये मी मामंजींना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. बसच्या गर्दीतसुद्धा, नवरा पायानं खुणावत होता तरी. त्यांनी ऐकलं. खिडकीबाहेर भातखाचरं होती, तिकडे बघत बसले. कुंभकोणमला उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोवर कधी घेतला नव्हता.

मला वाटलं होतं, आता ते खुंटी पुन्हा सातात नेतील. नेली नाही. आणि नेली नाही तेच बरं केलं, कारण तंजावरच्या त्या मुलीचं वर्ष सरल्यावर पहिल्याच जुडीत जमलं. तिचे वडील पेढे घेऊन आले, या वेळी वर बसले. नियम चांगलाच होता. माझा सगळा संताप तिथंच येऊन अडतो.

चैत्र आला. वन्संच्या सुरळीला नवी दोरी बांधली. मामंजी म्हणाले, "पहिली. पहिलं. ठेव." आपल्या मुलीला त्यांनी पहिल्यांदा पहिलं घर दिलं. दोन ठिकाणांहून विचारणंही आलं, पण वन्संनी नको म्हटलं, आणि का ते त्यांना कोणी विचारलं नाही. पुढचं आधीच सांगून टाकते: त्यांनी लग्न केलं नाही. शिक्षिकेचं शिकून घेतलं, मुलींच्या शाळेत नोकरी धरली, आणि गाणं फक्त वर्गात म्हटलं.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षाचं. सेलमहून एक मंडळी आली होती, आणि खूप शोधूनही चारच पत्रिका जुळत होत्या. मामंजींनी बोटांवर नक्षत्रं पुन्हा मोजून बघितली. मग म्हणाले, "चारच दे."

"पाचवी घरची घाला, अप्पा," दारातून वन्सं म्हणाल्या. "चार गेल्या तर त्या चौघींस अशुभ."

"नक्को गो."

"घाला. मी जाऊन येतें. सेलम राहिलेंच आहे."

त्या हसल्या होत्या. मामंजींनी मला घर सांगितलं नाही, नुसता हात केला. आज्ञा पुरती नव्हती तरी मी सुरळी काढली, पाचवी म्हणून बांधली.

महिनाभरात जुडी परत आली. चौघींपैकी एक पसंत झाली होती, आणि घरची नेहमीसारखी परतली होती. मी ती हातात घेऊन उभी राहिले. दोरी कोरी होती. मामंजी फडताळाकडे पाठ करून बसले होते. मी वाट बघत होते, "गाठ" म्हणण्याची. झोपाळा हलत नव्हता.

"मामंजी, गाठ?"

दोन अक्षरांचा शब्द, जन्मभर म्हटलेला, त्यांच्या तोंडातून निघेना.

वन्सं स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आल्या. माझ्या हातातून सुरळी घेतली, दोरीला स्वतः गाठ मारली, ओढून घट्ट केली आणि आकडी न घेता, टाचा उंच करून, पहिल्या घरात ठेवून दिली. "नियम म्हणजे नियम, अप्पा," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हाला सोसला असता.

मामंजी उठून पडवीत जाऊन बसले. पानं मांडल्यावर मी त्यांना बोलवायला गेले. ते रस्त्याकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "त्या दिवशीं मी बाहेर जाऊन एक शब्द बोललों असतों, माझी मुलगी आहे म्हणून, तर त्या हो म्हणत्या की?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणून सांगावं, त्याचं मन राखावं, असं कोणीही म्हणेल. माझ्या स्वभावात ते नव्हतं, आणि वन्संच्या बाजूनं बोलायला त्या घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"हो म्हणाल्या असत्या, मामंजी. तेवढ्यासाठीच आल्या होत्या."

त्यांनी मान हलवली. "तूं सांगितलें होतेंस."

"चला, भात निवतोय."

ते आत येऊन पाटावर बसले. वन्संनी भात वाढला, त्यावर वरण, आणि बापाला आवडतं म्हणून रोजच्याहून जरा जास्त तूप. मामंजी पानाकडे बघत बसले, आणि त्यांना घास उचलायलाही सुचेना आणि हात धुवून उठायलाही.